शोभतं की मिरवतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, बहिणीला नाही, देवालाही नाही. म्हणजे देवाला ठाऊक असणारच, पण मी होऊन सांगितलं नाही. चौदा वर्षं झाली. आज सांगायला बसले आहे आणि गंमत बघा, पहिल्या दोन ओळी लिहिल्या नाहीत तोच खांदे सैल झाले. इतकं सोपं होतं? मग चौदा वर्षं मी काय करत होते?

तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा आधी माझी थोरवी ऐका. रत्नागिरीला मांडवीच्या रस्त्यावर आमचं घर. यजमान वकील. माझं माहेर पुण्याचं, वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. एवढ्या भांडवलावर मी गावात ‘दृष्टी असलेली बाई’ होऊन बसले. कुणाच्या घरी नवी शोभेची वस्तू आली की पहिलं वाक्य ठरलेलं — उमाताईंना दाखवा.

आणि वस्तू यायच्या हो! आमच्या बंदरात आगबोट लागली की मुंबईचं निम्मं सामान उतरायचं. शिवाय कुणाचा भाऊ रंगूनला, कुणाचा दीर बसऱ्याला, कुणाचा मुलगा आफ्रिकेत. ही माणसं वर्ष-दोन वर्षांनी घरी काहीतरी धाडायची आणि ते दिवाणखान्यात ठेवायचं की माळ्यावर टाकायचं, हा प्रश्न बायकांपुढे पडायचा. मग त्या पदराआड लपवून ते माझ्याकडे घेऊन यायच्या. मी वस्तू टेबलावर ठेवायची, दोन पावलं मागे जायची, मान तिरकी करायची आणि जरा वेळ गप्प राहायची. गप्प राहण्याला फार किंमत असते, हे मी लवकर शिकले होते. मग निकाल द्यायची. माझे निकाल दोनच — ‘शोभतं’ किंवा ‘मिरवतं’. शोभतं म्हणजे दिवाणखाना. मिरवतं म्हणजे माळा.

एका जंगलाच्या ठेकेदाराने पेंढा भरलेलं मगरीचं पिल्लू आणलं होतं, त्याच्या उघड्या जबड्यात सुपारी ठेवायची सोय होती. मी म्हटलं, मिरवतं. त्याची रवानगी गोठ्यात झाली, आणि गाय दोन दिवस पान्हा सोडेना. एकीकडे एक घड्याळ होतं, त्यातून तासातासाला एक टोपीवाला साहेब बाहेर येऊन वाकून नमस्कार करायचा. तेही मिरवतं. लोकरीचे पोपट, मण्यांची तोरणं, काचेचे हिरवे उंट, सगळे माझ्यापुढून गेले.

मला खरंच कळत होतं का? थोडं कळत होतं. पण खरं सांगायचं तर — आज खरंच सांगायचं आहे — निम्म्या वेळा मी वस्तूकडे बघतच नव्हते, वस्तू आणणारीकडे बघत होते. मामलेदारीणबाईंचा हिरवा उंट शोभला. तसलाच उंट एका मास्तरणीच्या घरी होता, तो मिरवला. ही काही माझी मोठी कबुली नव्हे. ही चिल्लर आहे, ती आधी काढून ठेवते.

मोठीकडे यायचं तर आधी आमच्या घरातल्या बाईबद्दल सांगावं लागेल. बाई म्हणजे प्लास्टरचा पुतळा. एक इंजिनीयर साहेब बदली होऊन गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात यजमानांनी हा पुतळा घेतला. कमरेइतक्या उंचीची विलायती बाई, हातात द्राक्षांचा घड, अंगाला चिकटलेलं वस्त्र, नजर वर आढ्याकडे. हमालाच्या डोक्यावरून ती घरी आली तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण यजमानांनी हौसेने आणलेली. आणि मी तर गावाची परीक्षक! मग मी सगळ्यांना सांगत सुटले की हे फार वरच्या दर्जाचं काम आहे, पाहायला नजर लागते. लोकांनी ऐकलं. मी सांगितलं म्हणून ऐकलं. एकच माणूस माझ्या घरात त्या बाईकडे नीट बघून बोललं, ते म्हणजे यमुनावहिनी.

यमुनावहिनी आमच्या शेजारच्या. नवरा कचेरीत कारकून, एकुलती मुलगी कमळ, आणि मोठा भाऊ मोंबासाला रेल्वेत नोकरीला. वहिनींचं माहेर आडगावचं, शाळा नावापुरती. मनात आलं की ओठावर आलं, असा सरळ स्वभाव. चौदा वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात माझ्याकडे आठ-दहा बायका बसल्या होत्या. यमुनावहिनींनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि अगदी काळजीने विचारलं, “उमाताई, ही भिजलीय का हो? पडसं होईल तिला.”

हसण्याचा असा फवारा उडाला की विचारू नका. मामलेदारीणबाईंच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. यमुनावहिनींना कळेना की एवढं काय झालं. त्यांनी टोमणा मारलाच नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. पण जे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि मी झाकत होते, तेच त्या बाईने सहज, हसतमुखाने सगळ्यांपुढे ठेवलं. मीही हसले. आत मात्र असा जळफळाट झाला की त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढे महिनाभर जो भेटेल तो विचारायचा, तुमच्या बाईचं पडसं कसं आहे?

आता चैत्राकडे येते. चोवीस सालचा चैत्र असावा. आमच्याकडे चैत्रात गौर झोपाळ्यात बसते आणि प्रत्येक घरी हळदीकुंकू होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, सगळीकडे तेच. फरक पडतो तो आराशीत. गौरीपुढे पायऱ्या मांडून घरातलं जे जे म्हणून देखणं ते ते ठेवायचं. आणि बायका कुंकू लावून घ्यायला येतात हे नावाला. येतात त्या आरास बघायला. कुणाची आरास शोभली आणि कुणाची मिरवली, याचा निकाल महिनाभर चालतो.

यमुनावहिनींचं हळदीकुंकू शुक्रवारी होतं. सोमवारी दुपारी त्या माझ्याकडे आल्या, पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून. भावाने मोंबासाहून पाठवलं होतं. राजिवड्याच्या एका तांडेलाबरोबर, त्याच्या गलबतावरून, पेटीत कापसात घालून. चिठ्ठीत एवढंच, की ताईच्या घरासाठी शोभेची वस्तू.

पंचा सोडला. मी बघतच राहिले.

काळ्या शिसवी बैठकीवर, चांदीच्या नाजूक कड्यात बसवलेला, दुधावरच्या सायीच्या रंगाचा एक गोळा. लांबट, नारळाएवढा. नक्षी नाही, चित्र नाही, काही नाही. माझ्या टेबलावर त्या दुपारी माझी लोकरीची कासवं होती, रंगीत काचेचा गोल होता, कोपऱ्यात ती द्राक्षवाली बाई होती. त्या एका वस्तूपुढे सगळं घर मला एकदम गर्दीचं वाटलं. यमुनावहिनी म्हणाल्या, हस्तिदंती असावं, नाही का? मग आवाज उतरवून त्यांनी खरं कारण सांगितलं. शुक्रवारी राजापूरची एक मोठी बाई हळदीकुंकवाला येणार होती. मुलगा मुंबईत वकिली शिकत होता. पत्रिका जमली होती. मुलगी दाखवण्याचा रीतसर कार्यक्रम नंतर, पण मुलाच्या आईला आधी घर बघायचं होतं, घरची रीत बघायची होती, कमळला सहज वावरताना बघायचं होतं. कारकुनाच्या घरात त्या बाईला दाखवण्यासारखं काय होतं? ही एक वस्तू.

“उमाताई, खरं सांगा हं,” त्या म्हणाल्या. “हे गौरीपुढे शोभेल ना? का हसतील मला?”

मी ते उचललं. पृष्ठभागावर बारीक बारीक छिद्रं होती, सुईच्या टोकाएवढी. नखाने वाजवून पाहिलं, आत पोकळ. आणि मी ओळखलं. लहानपणी मुंबईला मामांकडे गेले असताना शेजारच्या पारशिणीच्या दिवाणखान्यात मी अगदी असंच पाहिलं होतं, हातात घेतलं होतं, आणि ते काय आहे हे कळल्यावर मामीने मला घरी आणून डोक्यावरून पाणी घातलं होतं. ते शहामृगाचं अंडं होतं.

आमच्या घरांत अंडं हा शब्दसुद्धा स्वयंपाकघरात उच्चारत नसत, तो काळ. आणि यमुनावहिनी ते गौरीपुढे मांडायला निघाल्या होत्या. सोवळ्यातल्या नैवेद्याशेजारी. राजापूरच्या त्या बाईसमोर.

आता तुम्ही सांगा, मी काय करायला हवं होतं? एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, ही वस्तू सुंदर आहे पण अंडं आहे, ती कपाटात ठेवा. त्या दचकल्या असत्या, हसल्या असत्या, माझे पाय धरले असते. मी मात्र वस्तू टेबलावर ठेवली. दोन पावलं मागे गेले. मान तिरकी केली. आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ गप्प राहिले, कारण तेवढ्या वेळात मला फाल्गुनातलं ते हसणं ऐकू येत होतं. मग म्हटलं, “शोभतं. ऐन मधोमध ठेवा, गौरीच्या पायाशी.”

त्यांचा चेहरा इतका उजळला, की मी नजर दुसरीकडे वळवली.

मला नेमकं काय हवं होतं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे. कमळचं लग्न मोडावं, असं माझ्या मनात नव्हतं. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण राजापूरची बाई येणार हे मला ठाऊक होतं ना? मग मनात काय होतं याला काय अर्थ? मला एवढं हवं होतं की एकदा यमुनावहिनींवर सगळ्यांनी हसावं. भाताची कणगी पेटवायची आणि म्हणायचं, मला फक्त हात शेकायचे होते.

मंगळवार होता, बुधवार होता, गुरुवार होता. तीन दिवस मला मोकळे होते. आमच्या दोन घरांमध्ये दगडांचा गडगा तेवढा आड, तोही कमरेइतका. गडग्यापलीकडे कमळ पायऱ्यांना पांढरा कागद चिकटवताना दिसायची, अबोलीचे गजरे करताना दिसायची. गुरुवारी तिने मला हाक मारून विचारलं, काकू, गौरीमागे निळं पातळ लावू की पांढरं? मी सांगितलं, निळं लाव, म्हणजे पुढची वस्तू उठून दिसेल. बघा, म्हणजे मी नुसती गप्प बसले नाही. मी मदतही केली.

आणि शुक्रवारची ती आरास — काय सांगू! निळं पातळ, समया, दोन बाजूंना अबोली, आणि मधोमध ती एकच वस्तू. बाकीच्या घरांत पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसायची इतकी खेळणी. इथे एकच. बायका दारातच थबकत होत्या. राजापूरच्या बाई आल्या, जरीचं नऊवारी, नाकात टपोरी नथ, बोलणं मोजकं. त्यांनी आरास पाहिली, कमळला पाहिलं, पुन्हा आरास पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, मुलीला दृष्टी आहे. हे मी कानांनी ऐकलं. म्हणजे जिथे मला हसं हवं होतं तिथे कौतुक चाललं होतं. मला त्या क्षणी हायसं वाटायला हवं होतं, नाही का? वाटलं नाही. मला राग आला.

मी काही बोलणार होते का? ठाऊक नाही. बोलायची वेळच आली नाही. पडवीच्या पायरीशी हमीदाबी येऊन उभी राहिली. ज्या तांडेलाने ती पेटी आणली त्याची ही बायको. भावाने कमळसाठी पाठवलेला कापडाचा तुकडा तिच्याकडे राहिला होता, तो द्यायला आली होती. सणाचं घर म्हणून बिचारी पायरीखालीच थांबली. तिथून उघड्या दारातून तिला आरास दिसली आणि तिला मनापासून आनंद झाला.

“अंडा शाबूत आला ना?” ती म्हणाली. “बरा झाला. आमच्या घरवाल्यान मांडीवर धरून आनलान.”

खोलीत चाळीस बायका होत्या. कुणी गौरीकडे बघू लागल्या, कुणी एकमेकींकडे. हमीदाबीला वाटलं कुणाला कळलं नाही, म्हणून तिने हात पसरून तो पक्षी केवढा असतो तेही दाखवलं. तिचा काय दोष? तिच्या माणसाने परक्याची वस्तू जिवापाड जपून आणली होती, आणि तिला ते सांगायचं होतं.

राजापूरच्या बाईंच्या हातात पन्ह्याचा पेला होता. त्यांनी तो खाली ठेवला. ओठाला लावलेला नव्हता. उठताना त्या कुणाला टाकून बोलल्या नाहीत, आवाज चढवला नाही. आमचं घर सोवळ्याचं आहे, एवढंच म्हणाल्या, आणि कुंकू न लावून घेता निघाल्या. मग एकेक करून सगळ्या उठू लागल्या. कुणी डाळ पानात टाकली, कुणी ओटीतले हरभरे परातीत परत ओतले.

इथपर्यंत सांगणं मला जमेल असं वाटलं होतंच. इथपर्यंतची गोष्ट मी मनातल्या मनात कितीदा तरी सांगून पाहिली आहे. खोडसाळपणा झाला, अंगाशी आला, असं म्हणून ती संपवताही येते. पण ती तिथे संपत नाही. खरी गोष्ट यापुढची आहे.

मामलेदारीणबाई दारातून मागे वळल्या. त्यांनी यमुनावहिनींना विचारलं, असली वस्तू मांडण्याआधी कुणाला विचारायचं तरी होतंस? यमुनावहिनी गौरीच्या बाजूला उभ्या होत्या, हातात कुंकवाचा करंडा तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप म्हणून नाही, आधार म्हणून पाहिलं. आणि म्हणाल्या, “उमाताईंना दाखवलं होतं.”

सगळ्या माझ्याकडे वळल्या. कमळही.

आणि मी म्हटलं, “मला? मला नाही बाई दाखवलं.”

लिहिलं एकदाचं. एवढंच होतं ते. पाच-सहा शब्द.

मला विचार करायला वेळ लागला नाही. खोटं इतकं तयार होतं, जिभेच्या टोकावर, की ते मीच आधीपासून करून ठेवलं असावं. आवाज कापला नाही. वर मी जरासं आश्चर्यही दाखवलं.

यमुनावहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या भांडल्या असत्या तर मी आणखी खोटं बोलले असते आणि जिंकलेही असते, कारण वकिलाच्या बायकोपुढे कारकुनाच्या बायकोचं कोण ऐकतं? हे त्यांना कळलं असेल. का आणखी काही कळलं? त्यांनी करंडा खाली ठेवला आणि मामलेदारीणबाईंना म्हणाल्या, “हो. माझाच घोटाळा झाला. दाखवायचं मनात होतं, राहून गेलं.”

त्या संध्याकाळी शेजारी गौर उचलली. जमीन सारवली, गोमूत्र शिंपडलं, डाळ गाईला घातली. पन्ह्याचं पातेलं कमळने माडाच्या आळ्यात ओतलं, ते मी खिडकीतून पाहिलं. राजापूरचा निरोप चार दिवसांनी आला. पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणे.

आणि माझं काय झालं? माझा मान वाढला. खोटं नाही सांगत. गावात बोलणं पसरलं की यमुनाबाईंनी उमाताईंना आधी विचारलं असतं तर असा प्रसंग आला नसता. बायका पूर्वी शोभेची वस्तू दाखवायला आणत, आता पितळेची समईसुद्धा विचारून घेऊ लागल्या. मी मान तिरकी करत होते, निकाल देत होते. यमुनावहिनींच्या घरी मात्र पुन्हा चैत्रातलं हळदीकुंकू झालं नाही. त्या माझ्याशी बोलणं सोडतील असं वाटलं होतं, तेही झालं नाही. विहिरीवर भेटल्या की विचारपूस करायच्या. कैऱ्यांच्या दिवसांत लोणचं द्यायच्या. मी ते घ्यायची, आणि मोलकरणीला देऊन टाकायची.

कमळसाठी पुढे दोन वर्षं स्थळ आलं नाही. आलं ते मंडणगडचं, शाळामास्तर, बिजवर, पहिल्या बायकोची दोन मुलं. लग्नात मी जरीचं लुगडं दिलं. सगळ्यांनी माझी वाहवा केली. त्यानंतर तीन वर्षांनी यमुनावहिनी तापाने गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी रोज पेज करून नेत होते. खोलीत कितीदा तरी आम्ही दोघीच असायचो. सांगितलं का? नाही. त्यांनी विचारलं का? नाही. एकदा फक्त म्हणाल्या की तुमच्या पेजेत मीठ बरोब्बर असतं.

आता या वर्षीचं. यजमानांच्या भाच्याच्या मुंजीसाठी आम्ही आगबोटीने बाणकोटला उतरलो, तिथून बैलगाडीने मंडणगडाकडे गेलो. कमळला कळलं तशी ती मला न्यायला आली. तिशीला टेकलेली, जरा स्थूल, हसली की हुबेहूब आई. घर मातीच्या भिंतींचं, पण इतकं स्वच्छ! आणि बाहेरच्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात, मागे निळ्या कापडाचा तुकडा लावून, तेच. काळी बैठक, चांदीचं कडं. आजूबाजूला काहीही नाही. मास्तर शाळेतल्या मुलांना पक्ष्यांचा धडा शिकवताना ते वर्गात घेऊन जातात म्हणाली. आता कोण विटाळ मानतं, असं तीच वर म्हणाली. सासरच्या म्हाताऱ्या मात्र कुरकुरतात, बाहेरच्या खोलीत अंडं कसलं मांडतेस म्हणून.

मी त्या कोनाड्यापुढे उभी होते. ती माझ्यामागे येऊन म्हणाली, “काकू, तुम्ही सांगा. शोभतं ना इथे?”

मग ती हसली, आणि म्हणाली, “आई शेवटपर्यंत म्हणायची — उमाताईंना आधी दाखवलं असतं तर काही झालं नसतं. माझंच चुकलं, म्हणायची.”

मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. स्वतःच्या मुलीला, जिचं आयुष्य त्या शुक्रवारी वेगळ्या वाटेला लागलं, तिलाही त्या बाईने माझं खोटं जसंच्या तसं सांगितलं आणि स्वतःवर घेतलं. का? माझी दया आली असेल? की मुलीला शेजारी एक घर तरी मायेचं राहावं म्हणून? मला ठाऊक नाही. ठरवण्याचा मला अधिकारही नाही. कमळ सुखात आहे का? तशी दिसली. पण ती सुखात असली तर ते तिचं कर्तृत्व, त्यात मला सूट नाही.

मी म्हटलं, शोभतं. मागे गेले नाही, मान तिरकी केली नाही. बघता क्षणीच म्हटलं. हाच निकाल मी तिच्या आईला दिला होता आणि तेव्हाही तो अक्षरशः खरा होता. माझ्या सगळ्या निकालांतला तेवढा एकच खरा निकाल मी विष म्हणून वापरला. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं, आणि आतून मास्तर चहाचे पेले घेऊन आले. मी चहा प्यायले. पुन्हा एकदा गप्प राहिले, आणि गाडीत बसल्यावर मात्र ठरवलं की हे शेवटचं.

घरी येऊन तीन दिवस झाले. पहिल्याच दिवशी हमाल बोलावून ती द्राक्षवाली बाई माळ्यावर टाकली. यजमानांनी विचारलं, का गो, काय झालं? म्हटलं, मिरवते. ते म्हणाले, घरी आणल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं होतं, पण तुला आवडते म्हणून गप्प होतो. इतकी हसले मी, किती वर्षांनी कोण जाणे. मग लिहायला बसले. काल गाढ झोप लागली. आज दोन वेळा भात मागून घेतला. पाप सांगितल्यावर भूक लागावी हे बरं दिसत नाही, पण लागली खरी.

हे लिहिलेलं तुम्ही वाचाल तेव्हा वाचाल. पण तुमच्या आधी ते कमळला कळायला हवं, म्हणून तिला वेगळं पत्र लिहिलं आणि आत्ताच स्वतः जाऊन टपालात टाकून आले. मोलकरणीच्या हाती दिलं नाही. क्षमा मागितलेली नाही, कारण मागितली की तिच्यावर ती देण्याचं ओझं पडेल. उत्तर पाठव, असंही लिहिलं नाही. पत्र चारच ओळींचं आहे.

‘चि. कमळ हीस आशीर्वाद. तुझ्या आईने मला ते दाखवलं होतं. हळदीकुंकवाच्या आधी, सोमवारी दुपारी. ते काय आहे हे मी ओळखलं होतं, आणि गौरीपुढे ठेवायला मीच सांगितलं.’